पंडिता रमाबाई : दुःखातून प्रार्थनेकडे

पाच एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली या दिवशी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, शारदा सदन आणि मुक्ती मिशन या संस्थांच्या संस्थापिका म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांच्या धर्मांतराने उठलेले वादळही सर्वश्रुत आहे. मात्र या सार्वजनिक जीवनाच्या तळाशी एक दीर्घ आध्यात्मिक संघर्ष होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. ऐन तारुण्यात जिवलग माणसे एकामागून एक गमावलेल्या या स्त्रीला मनःशांती शास्त्रांच्या व्यासंगाने मिळाली नाही आणि बाप्तिस्म्यानेही लगेच मिळाली नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवण्याचे धाडस केले होते आणि त्याबद्दल धर्मपंडितांपुढे आपली बाजूही मांडली होती. रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले, ते पुन्हा कोठे स्थिरावले नाही. पुराणे सांगत गावोगाव फिरायचे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करायचा, हाच त्यांचा संसार. पहाटेच्या अंधारात आई मुलीला उठवून पाठ देई. अशा रीतीने भागवतातील हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले.

१८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचा पैसा व्रते, अनुष्ठाने आणि दानधर्म यांत संपला. देव प्रसन्न होईल, या एकाच आशेवर सारे कुटुंब तग धरून होते. भीक मागणे स्वाभिमानात बसेना आणि मजुरीची सवय नव्हती. झाडपाल्यावर दिवस निघू लागले. दृष्टी गेलेल्या वृद्ध अनंतशास्त्रींनी अखेरच्या दिवसांत सोळा वर्षांच्या लेकीला जवळ घेतले आणि तिला देवाच्या हाती सोपवून आयुष्यभर त्याचीच सेवा करण्यास सांगितले. त्यांच्या पाठोपाठ आई गेली. तिच्या पार्थिवाला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा उंचीने लहान असलेल्या रमेला तिरडीचा भार डोक्यावर घेऊन स्मशान गाठावे लागले. पुढे थोरली बहीणही गेली.

मागे उरले रमा आणि बंधू श्रीनिवास. ही भावंडे हजारो मैल पायी हिंडली. पंजाबातील कडाक्याच्या थंडीत झेलमच्या काठी वाळूत खड्डा करून त्यांनी स्वतःला गळ्यापर्यंत पुरून घेतले आणि ऊब मिळवली. शास्त्रांत सांगितलेले सारे नियम पाळूनही देवाने हाक ऐकली नाही, हा सल या वाटेवर खोल रुतत गेला. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वत्सभेने वीस वर्षांच्या रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. जगाने विद्वत्तेचा गौरव केला तेव्हा अंतःकरणातील श्रद्धा मात्र जवळजवळ विझली होती.

नियतीचे घाव संपले नव्हते. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातिबंधने झुगारून नोंदणी विवाह केला. कन्या मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची असताना, फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी पटकीने दगावले. चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ आणि पती यांचा वियोग या स्त्रीने पाहिला होता.

त्यानंतर त्या पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि पुढील वर्षी वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने इंग्लंड गाठले. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केली. परक्या देशात कोसळलेल्या या आघातानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागे एक अनुभव होता. लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची ममतेने सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या होत्या. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने साधलेल्या संवादाची कथा तेथे त्यांना समजली. शास्त्रांच्या अभ्यासात ज्या स्त्रीला त्यांना कोठे स्थान सापडले नव्हते, तिला येथे आदराने वागवलेले त्यांना दिसले.

पण संघर्ष येथे संपला नाही. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. चर्चचा अधिकार निमूटपणे मान्य करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आपल्यावर मायेचे छत्र धरणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून प्रदीर्घ वाद घातला. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. आश्रय देणाऱ्यांना ही अश्रद्धा किंवा अहंकार वाटला. रमाबाईंना मात्र न पटलेले कबूल करणे म्हणजे देवाशी खोटे बोलणे वाटत होते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे मिळालेल्या साह्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. काम वाढत होते, कीर्ती वाढत होती. आत मात्र पोकळी होती. १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर, त्यांना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही. बालपणापासून त्यांनी पाहिलेला धर्म पुण्य साठवण्याचा होता. नव्या धर्मातही त्या अभ्यास आणि कर्तव्य यांच्या बळावर कृपा कमावू पाहत होत्या. ती कमवावी लागत नाही, दुखावलेल्या आणि चुकलेल्या माणसाने रित्या हातांनी यावे, एवढेच पुरेसे असते, हे सत्य त्यांना या काळात गवसले. तेव्हापासून त्यांच्या प्रार्थनेचे स्वरूप पालटले. ती देवाशी केलेली देवघेव उरली नाही.

या बदलाची किंमतही मोजावी लागली. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. दार लावून घेणे त्यांना मान्य नव्हते. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींच्या विश्वासाचा आणि पालकांच्या संमतीचा हा प्रश्न खरा होता. टीकाकारांचे सारेच आक्षेप आकसातून आलेले नव्हते. परंतु आपल्याच समाजाने पाठ फिरवल्याचे दुःख रमाबाईंना सोसावे लागले.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. रमाबाईंच्या मनात बावीस वर्षांपूर्वीचे अरण्य जागे झाले. त्या आठवणींपासून दूर राहणे सोपे होते आणि हाती पुरेसा पैसाही नव्हता. तरी प्रार्थना करून त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांत उपासमारीने सांगाडे झालेल्या आणि नराधमांच्या तावडीत सापडलेल्या मुली त्यांनी पाहिल्या. प्रत्येकीत त्यांना सोळा वर्षांची रमा दिसली असेल, तर नवल नाही. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले, तेव्हा त्यांना केडगावच्या माळावर नेण्यात आले. तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि अंधांसाठी स्वतंत्र सदन येथे होते. शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई यांतून मुलींना हाताला काम मिळे. ज्यांच्यावर अत्याचार झाले होते, त्यांच्या मनाच्या जखमा केवळ उपदेशाने भरणार नाहीत, हे रमाबाई स्वानुभवाने जाणत होत्या. पोटभर अन्न, विद्या, कष्टाची भाकर आणि सामुदायिक प्रार्थना या चारही गोष्टी तेथे बरोबरीने चालत. जानेवारी १९०५ मध्ये सत्तर जणींनी रोज सकाळी एकत्र प्रार्थना करण्यास आरंभ केला. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. महिनाअखेरीस भावनांचा बांध फुटला. वर्षानुवर्षे मूक राहिलेल्या मुली मोठ्याने रडल्या, त्यांनी मनातले सारे देवापुढे मोकळे केले. अनेक पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी तो थांबवला नाही.

अखेरच्या काळात त्यांना ऐकू येईनासे झाले. तशातही हिब्रू आणि ग्रीक भाषा आत्मसात करून, खेड्यातल्या स्त्रीलाही उमजेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर त्या करीत राहिल्या. मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे मुलीच जुळवीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्यावर संस्थेचा भार सोपवायचा, ती चाळिशीतच निघून गेली. त्या आघातानंतरही रमाबाईंनी भाषांतराचे काम खाली ठेवले नाही. नऊ महिन्यांनी त्यांचाही देह विसावला आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला.

भूतकाळाचे घाव आणि श्रद्धेतील शंका यांनी गांजलेल्या माणसाला हे चरित्र धीर देते. बाप्तिस्म्यापासून आंतरिक समाधानापर्यंतच रमाबाईंना आठ वर्षे लागली. त्या काळात त्या वाद घालत होत्या, चुकत होत्या, कामही करीत होत्या. त्यांचे दुःख कधी पुसले गेले नाही. पण त्यांच्यासारखेच दुःख भोगणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचण्याची वाट त्यांना त्यातूनच सापडली. आंधळ्या पित्याने दुष्काळात ज्या हाती लेक सोपवली, तो हात ओळखायला तिला अर्धे आयुष्य लागले. उरलेले अर्धे तिने इतरांच्या लेकींना दिले.