योहानेस केप्लर
योहानेस केप्लर (२७ डिसेंबर १५७१ – १५ नोव्हेंबर १६३०) हे जर्मन गणितज्ञ, खगोलशास्त्रज्ञ व ज्योतिषी होते. ट्यूबिंगन विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत असताना त्यांनी कोपर्निकसचा सूर्यकेंद्री सिद्धान्त स्वीकारला. ईश्वराने विश्वाची रचना भूमितीनुसार केली, या श्रद्धेतून त्यांनी १५९६ साली ग्रहांच्या अंतरांचा संबंध पाच सुसम घनाकृतींशी जोडला. ही कल्पना पुढे चुकीची ठरली. मात्र, त्याच श्रद्धेने शोध चालू ठेवून टायको ब्राहे यांच्या वेधांच्या आधारे त्यांनी मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे १६०९ साली प्रसिद्ध केले. प्रचलित फलज्योतिषावर ते टीका करीत. तथापि ग्रहांच्या परस्परस्थितीचा पृथ्वीवर परिणाम होतो, असे ते मानीत.

सन १६१५ मध्ये त्यांच्या आई काथारिना यांच्यावर चेटूक केल्याचा आरोप झाला. हे प्रकरण चालू असतानाच १६१९ साली केप्लर यांचा ग्रहगतीविषयक तिसरा नियम प्रसिद्ध झाला. काथारिना सुमारे १४ महिने कैदेत होत्या. त्यांच्या बचावाची बाजू केप्लर यांनी स्वतः सांभाळली. चेटकाचे अस्तित्व न नाकारता, आरोपांत उल्लेखिलेल्या आजारांमागे नैसर्गिक कारणे असल्याचे त्यांनी मांडले. १६२१ साली काथारिना यांची सुटका झाली. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले.