कॅरोथर्सचा आलेख

सेमिनारसाठी मी धाग्यांचे आलेख काढत होतो. 2023 चा पाय चार्ट पाहिला तर वाटतं, कापूस संपला! निम्म्याहून मोठा तुकडा एकट्या पॉलिएस्टरचा. पण वर्षवार टनांचा आलेख काढा, कापसाची रेषाही 1960 पासून दुपटीच्या वर गेलेली दिसते. कापूस घटला नाही, कृत्रिम धागा त्याच्या डोक्यावरून निघून गेला. ही दुसरी रेषा मागे नेली की 1940 पाशी जमिनीला टेकते. (रेयॉन धरू नका, तो सेल्युलोजचाच.) आणि तिथे भेटतो वॉलेस कॅरोथर्स.

जन्म 1896, अमेरिकेतलं आयोवा. वडील कॉमर्स कॉलेजात शिक्षक, म्हणून पोरगा आधी हिशेबनिशी शिकला. मग टार्किओ कॉलेजात शिकता शिकताच केमिस्ट्री शिकवू लागला. 1924 ला पीएच.डी., पुढे हार्वर्ड, आणि 1928 मध्ये ड्युपाँट.

प्रचंड लांबीचे रेणू असतात हेच तेव्हा अनेकांना पटत नव्हतं. कॅरोथर्सने ठरवलं, वाद नको, एकेक कडी जोडून साखळी बांधूनच दाखवू. त्याचं सूत्र आपल्याला पॉलिमरच्या पेपरला येतं: एक भागिले एक वजा पी. अभिक्रिया 95 टक्के झाली की साखळीत सरासरी 20 कड्या, 99 ला 100, 99.5 ला 200. आलेख काढून बघाच, शेवटच्या टोकाला रेषा सरळ उभी राहते. आपल्याकडे 95 टक्के म्हणजे पेढे, इथे 95 ला धाग्याचं नाव नको! म्हणून अभिक्रियेतलं पाणी थेंबथेंब बाहेर काढायचं. 1930 मध्ये असंच करून त्याचा सहकारी ज्युलियन हिल याने वितळलेल्या पॉलिएस्टरमधून तार ओढली. पण तो धागा फार कमी तापमानाला वितळायचा, इस्त्री कशी करणार? अखेर 28 फेब्रुवारी 1935 ला नायलॉन जमलं.

माणूस मात्र आतून खचत होता. नैराश्य जुनंच. 1936 मध्ये नॅशनल अ‍ॅकॅडमीत निवड झाली, तरी आपल्याला आता काही सुचत नाही हेच त्याच्या मनाने घेतलं. टॉपरला कसलं टेन्शन, असं आपण होस्टेलवर किती सहज म्हणतो! जानेवारी 1937 मध्ये बहीण गेली. 29 एप्रिलला, एक्केचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात त्याने आयुष्य संपवलं. नोव्हेंबरमध्ये त्याला मुलगी झाली.

नायलॉनचे स्टॉकिंग्ज 15 मे 1940 ला अमेरिकेभर दुकानांत आले, आणि त्यांवर अक्षरशः झुंबड उडाली. त्याने बाजूला ठेवलेलं पॉलिएस्टर 1941 मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिशांनी उचललं. सरळ साखळीच्या आम्लाऐवजी टेरेफ्थॅलिक आम्ल घातलं. त्यातल्या बेंझिनच्या कड्याने साखळी ताठ झाली, वितळणबिंदू वर गेला, आणि धागा इस्त्रीला टिकला.