शरणपूरचे विल्यम जोन्स

शरणपूर रस्त्याने आपण भगिनी नेहमी जातो-येतो. पण तिथे वाढलेल्या एका आफ्रिकी मुलाची हकिकत आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १८५४ मध्ये प्राइस नावाच्या मिशनऱ्याने नाशकाबाहेर शरणपूर वसवले. इंग्रजांची आरमारी जहाजे समुद्रात गुलामांची गलबते पकडीत आणि सुटलेली पोरकी मुले मुंबईस उतरवीत. १८६० च्या सुमारास ती शरणपुरास येऊ लागली. लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम तिथे शिकवीत. याओ जमातीचे विल्यम जोन्स त्यांतलेच. लहानपणीच ते विकले गेले होते.

१८६४ मध्ये सोबत्यांसह ते मोंबासाजवळच्या रबाई गावी मिशनच्या कामास गेले. त्या वेळी अमेरिकेत गुलामीपायी यादवी युद्ध पेटले होते. आदल्याच वर्षी, स्वतः गुलामीतून पळालेल्या हॅरिएट टबमन या बाईने सैनिकांना वाट दाखवून कॉम्बाही नदीकाठची सातशेंवर माणसे सोडवली होती. तिथे १८६५ मध्ये गुलामी कायद्याने गेली. मोंबासाकडे मात्र १८७३ मध्ये समुद्रावरचा व्यापार तेवढा बंद झाला, घरातला आणि शेतावरचा गुलाम गुलामच राहिला.

तिकडचे गुलामही गप्प बसले नाहीत. पळालेल्यांना ‘वातोरो’ म्हणत. रानात कुंपणे घालून, हत्यारे बाळगून त्यांनी गावे वसवली. फुलादोयो हे त्यांतले एक. मालकांच्या हल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले, तरी पळणारे थांबले नाहीत.

कित्येक जण रबाईस जोन्स यांच्या दारी येत. पळालेल्यास आश्रय देऊ नये, अशी वरिष्ठांची ताकीद होती. मालक चिडतील, मिशन बुडेल, हे भय काही खोटे नव्हते. पण एके काळी विकल्या गेलेल्या माणसाने दाराशी उभ्या असलेल्या बाईला, तिच्या कडेवरच्या पोराला परत जा म्हणावे कसे? जोन्स यांनी ठेवून घेतले. एक, दोन, दहा करता करता गाव भरला.

मधे १८८५ मध्ये ते बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर युगांडाच्या वाटेला लागले. पुढे गेलेले बिशप मारले गेले आणि मागे राहिलेला तांडा सुखरूप परत आणण्याचे काम जोन्स यांच्यावर पडले. तेही त्यांनी केले.

१८८८ मध्ये मालकांचा संताप अनावर झाला. रबाईवर चाल करून येण्याच्या धमक्या येऊ लागल्या. पळालेल्यांना बाहेर काढण्याची भाषा सुरू झाली. रबाई आणि इतर मिशन-वस्त्या मिळून असे सुमारे चौदाशे जण भरले! अखेर इंग्रज कंपनीचे मॅकेन्झी यांनी मालकांना मोबदला देऊन तंटा मिटवला आणि १ जानेवारी १८८९ रोजी मुक्ततेची पत्रे वाटली गेली. पैसे मालकांना मिळाले. ज्यांनी जन्मभर राबून दिले, त्यांना फक्त कागद. हे मनाला बोचल्यावाचून राहत नाही. तरी त्या कागदामुळे कुणाचे पोर आता विकले जाणार नव्हते.

१८९५ मध्ये जोन्स यांना पूर्ण धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९०४ मध्ये ते वारले. त्या किनाऱ्यावरची गुलामी कायद्याने संपली ती त्यानंतर तीन वर्षांनी, १९०७ मध्ये.