चुकीच्या औषधाने डोळे गेले, तरी १३०हून जास्त ग्रंथ रचले : वऱ्हाडातले गुलाबराव महाराज

चष्म्याचा नंबर घालवायचा तर लासिक, पीआरके, स्माइल असे पर्याय डॉक्टर सांगतात. तिन्हींत लेसरने कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याचा आकार बदलतात. काम नंबर घालवण्याचं. गेलेली दृष्टी यातल्या कशानेच परत येत नाही.

दृष्टी जायला काय लागतं? अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत ६ जुलै १८८१ रोजी जन्मलेल्या गुलाबची गोष्ट बघा. वडील गोंदाजी मोहोड, आई अलोकाबाई, गाव चांदूर बाजार तालुक्यातलं माधान. बाळ जेमतेम नऊ महिन्यांचं असताना डोळ्यांत चुकीचं औषध पडलं आणि कायमचा अंधार झाला.

औषधाने कॉर्निया पांढरा पडला, तर आज नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवता येतो. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एडुआर्ड झिर्म यांनी युरोपात केली, डिसेंबर १९०५ मध्ये. तेव्हा गुलाबराव २४ वर्षांचे होते. लेसर तर १९८०च्या दशकातलं.

चार वर्षांचे असताना आई गेली. आजीने लोणी टाकळीत सांभाळलं. दुसऱ्याने वाचायचं आणि यांनी ऐकून लक्षात ठेवायचं. १८९६ मध्ये मनकर्णिकाबाईंशी लग्न झालं. पुढे त्यांनी स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या मानलं, मधुराद्वैत हा विचार मांडला. ते सांगत, शिष्य लिहून घेत. वेदान्त, योग, आयुर्वेद, संगीत असे विषय. वऱ्हाडातल्या खेड्यात बसून त्यांनी डार्विन आणि स्पेन्सरच्या मतांचाही समाचार घेतला! सगळी मतं पटोत न पटोत, कानावरच्या अभ्यासाचा हा आवाका थक्क करतो. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले.

'चुकीचं औषध' ही जुन्या काळातली गोष्ट वाटते ना? पीआरकेनंतर डॉक्टर काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब देतात. उरलेली बाटली घरात राहते आणि कोणाचे डोळे आले की तीच काढली जाते. असे थेंब मनाने घातले तर संसर्ग चिघळू शकतो, जास्त दिवस वापरले तर काचबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. बाळाच्या डोळ्यांत मध, काजळ घालणंही टाळाच.

महाराज २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात गेले. वय अवघं ३४.