प्रयोगशाळेतील धीर

अंथुर्णे-भवानीनगर परिसरात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. हंगाम सरताच त्या उठतात. त्यांतील एखाद्यास कुष्ठरोग असला, तर त्याचे सहा किंवा बारा महिन्यांचे औषध दोन गावांच्या दरम्यान खंडित होण्याचा धोका असतो. त्या औषधामागे केवढा धीर आहे, हे जाणण्यासाठी डॉ. कमल रणदिवे यांचे चरित्र आठवावे.

१९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ हुजूरपागेत व फर्ग्युसनमध्ये शिकल्या. विवाहानंतर त्या मुंबईस गेल्या आणि डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या स्तनकर्करोगावरील अभ्यासाने त्यांचे नाव झाले; परंतु कुष्ठरोगाचा पेचही त्यांना स्वस्थ बसू देईना. कुष्ठजंतू काचपात्रात वाढत नाही. मग औषधाची परीक्षा करावी कशी? १९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी रुग्णाच्या ऊतींतून एक जंतू वाढविला. तो खरा कुष्ठजंतू नव्हे, असे पुढे ठरले. तथापि त्यापासून सिद्ध झालेल्या लसीने दक्षिण भारतातील चाचणीत सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

औषधपरीक्षेचा मार्ग मात्र १९६० मध्ये अमेरिकेतील शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात कुष्ठजंतू वाढविला तेव्हा खुला झाला. हा जंतू दुप्पट होण्यास सुमारे दोन आठवडे घेतो. साहजिकच एकेका प्रयोगास महिने लागत. त्यातूनच डॅप्सोनला दाद न देणारे जंतू १९६४ मध्ये ओळखता आले, रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाचे सामर्थ्य १९७० मध्ये कळले आणि १९८२ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली.

वार्षिक अंदाजपत्रकाच्या चौकटीत असा धीर बसत नाही, कारण त्याचे फळ दशकांनी मिळते. रणदिवे यांनी तो आयुष्यभर बाळगला. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाकडे वळल्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्या निवर्तल्या.

देशात आजही वर्षाला सुमारे एक लाख नवे कुष्ठरुग्ण आढळतात. औषध मोफत आहे. अपुरी आहे ती पाठपुराव्याची व्यवस्था. टोळीला दिलेल्या उचलीचा हिशेब जिल्ह्याची हद्द ओलांडून बिनचूक पोहोचतो. मग रुग्णाची नोंद एका आरोग्य केंद्रातून दुसऱ्या केंद्रात, गुप्तता राखून, का पोहोचू नये?