दुष्काळातल्या मुलींना घर देणाऱ्या पंडिता रमाबाई कोण होत्या?

१८९६-९७चा दुष्काळ. मध्य प्रांतात लोक अन्नावाचून मरत होते. तेव्हा पंडिता रमाबाई तिथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना सोबत घेऊन आल्या.

भूक त्यांना नवी नव्हती. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळातच गेले होते.

१८८३ मध्ये इंग्लंडला असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुण्यात प्रचंड टीका झाली. पण त्यांच्यासाठी श्रद्धा म्हणजे काम होतं. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी 'मुक्ती सदन' उभारलं. तिथे अंध मुलींनाही जागा होती. मुली लिहायला-वाचायला शिकल्या, छापखानाही चालवू लागल्या.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. केडगावचं काम मात्र आजही सुरू आहे. कुणाचाच जीव टाकाऊ नसतो, हे त्यांनी जगून दाखवलं.