विश्लेषण : अंबाल्यात जन्मलेला किम फिल्बी सोव्हिएत हेर कसा झाला? ब्रिटनला तो इतकी वर्षे का सापडला नाही?

ब्रिटनच्या ‘एमआय-६’ या गुप्तचर संस्थेने १९४४ मध्ये सोव्हिएत हेरांना तोंड देण्यासाठी नवा विभाग उभारला. त्याचे प्रमुखपद ज्याच्याकडे गेले, तो स्वतःच दहा वर्षांपासून सोव्हिएत हेर होता! हेरगिरीच्या इतिहासातील सर्वात गाजलेल्या दगाबाजीची ही कहाणी.

किम फिल्बी कोण होता?

हॅरोल्ड एड्रियन रसेल फिल्बीचा जन्म १ जानेवारी १९१२ रोजी पंजाबातील अंबाला येथे झाला. वडील सेंट जॉन फिल्बी हे भारतीय सनदी सेवेतील अधिकारी आणि अरबी भाषा, संस्कृतीचे जाणकार. ‘किम’ हे टोपणनाव रुडयार्ड किपलिंग यांच्या कादंबरीच्या नायकावरून पडले. कादंबरीतील किम रशियाविरुद्धच्या ब्रिटिश हेरगिरीत सामील होतो. या किमने नेमके उलटे केले.

सोव्हिएत जाळ्यात तो कसा आला?

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकताना तो साम्यवादाकडे ओढला गेला. मंदी आणि हिटलरचा उदय यांमुळे त्या पिढीतील अनेकांचा हाच प्रवास झाला. व्हिएन्नात त्याने साम्यवादी कार्यकर्त्यांना मदत केली आणि त्यांच्यातीलच लिट्झी फ्रीडमनशी लग्न केले. १९३४ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये आर्नोल्ड डॉइच या सोव्हिएत हस्तकाने त्याची भरती केली. पहिले काम होते, डावी ओळख पुसून टाकण्याचे. त्यासाठी फिल्बी उजव्या वर्तुळात वावरू लागला. स्पेनच्या यादवीत ‘द टाइम्स’चा वार्ताहर म्हणून तो फ्रँकोच्या बाजूने वार्तांकन करत होता. फ्रँकोने त्याला पदकही दिले.

‘एमआय-६’मध्ये प्रवेश कसा मिळाला?

ओळखीने! १९४० मध्ये तो ब्रिटिश गुप्तचर सेवेत शिरला. तेथील वरिष्ठ अधिकारी व्हॅलेंटाइन व्हिव्हियन पूर्वी भारतात पोलीस सेवेत होते आणि फिल्बीच्या वडिलांना ओळखत होते. मुलाच्या साम्यवादाविषयी त्यांनी वडिलांकडेच विचारणा केली. ते विद्यार्थिदशेतले खूळ होते, या उत्तराने त्यांचे समाधान झाले. चांगले घराणे आणि नामांकित विद्यापीठ, एवढी पुंजी पुरेशी ठरली. गंमत म्हणजे, इतक्या सहज मिळालेल्या प्रवेशावर मॉस्कोचाच विश्वास बसेना. हा ब्रिटिशांनी पेरलेला माणूस तर नाही ना, अशी शंका युद्धकाळात तेथे काही काळ होती.

त्याच्या दगाबाजीची किंमत कोणी मोजली?

१९४५ मध्ये इस्तंबूलमधील सोव्हिएत अधिकारी कॉन्स्टँटिन व्होल्कोव्ह याने ब्रिटनकडे आश्रय मागितला. त्या बदल्यात ब्रिटनमधील सोव्हिएत हेरांची माहिती देण्याची त्याची तयारी होती. हे प्रकरण नेमके फिल्बीच्याच टेबलावर आले. त्याने मॉस्कोला कळवले आणि स्वतः इस्तंबूलला सावकाश पोहोचला. तोवर व्होल्कोव्हला मॉस्कोला नेण्यात आले होते. पुढे त्याला ठार करण्यात आले. १९४९ पासून वॉशिंग्टनमध्ये ‘सीआयए’शी समन्वयाचे काम करताना अल्बानियातील साम्यवादी सत्ता उलथवण्याची गुप्त योजनाही फिल्बीने मॉस्कोला कळवली. तेथे पाठवलेले अनेक जण मारले गेले वा पकडले गेले. त्या अपयशाला इतर कारणेही होती. पण फिल्बीचा वाटा मोठा होता.

संशय येऊनही तो कसा निसटला?

मे १९५१ मध्ये केंब्रिजचेच डोनाल्ड मॅक्लीन आणि गाय बर्जेस हे दोन साथीदार रशियात पळाले. बर्जेस वॉशिंग्टनमध्ये फिल्बीच्याच घरी राहत असे. साहजिकच संशय बळावला आणि फिल्बीला नोकरी सोडावी लागली. पण पुरावा नव्हता आणि ‘एमआय-६’मधील मित्र त्याच्या पाठीशी उभे राहिले. १९५५ मध्ये तर परराष्ट्रमंत्री हॅरोल्ड मॅकमिलन यांनी संसदेत त्याला निर्दोष ठरवले. पुढच्याच वर्षी तो ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘इकॉनॉमिस्ट’चा वार्ताहर म्हणून बैरूतला गेला. १९६२ मध्ये फ्लोरा सॉलोमन या जुन्या परिचित महिलेने, फिल्बीने १९३०च्या दशकात आपल्यालाही हेरगिरीत ओढू पाहिले होते, असे सांगितले आणि फास आवळला गेला. जानेवारी १९६३ मध्ये त्याचा जिवलग मित्र निकोलस इलियट यानेच बैरूतमध्ये त्याची चौकशी केली. फिल्बीने अर्धीमुर्धी कबुली दिली आणि २३ जानेवारीच्या रात्री तो नाहीसा झाला.

मॉस्कोत त्याचे काय झाले?

सोव्हिएत नागरिकत्व मिळाले, ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ही मिळाले. पण अधिकारपदाची त्याची अपेक्षा पुरी झाली नाही. ‘केजीबी’ त्याच्यावर पाळत ठेवून होती आणि तो दारूच्या आहारी गेला. ११ मे १९८८ रोजी मॉस्कोतच त्याचे निधन झाले. १९९० मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघाले आणि पुढच्याच वर्षी ज्या देशासाठी त्याने मित्रांना फसवले, तो देशच नकाशावरून पुसला गेला.

या प्रकरणातून ब्रिटनने काय गमावले?

केवळ गुपिते नव्हे, तर अमेरिकेचा विश्वासही. आपल्यातला माणूस दगा देणार नाही, या एका समजुतीमुळे साध्या प्रश्नांची साधी चौकशीही झाली नाही. फिल्बी हुशार होताच; पण त्याचे खरे संरक्षण त्याच्या सहकाऱ्यांच्या भिडस्तपणाने केले.